प्रयागबाईंचं प्रस्थान

मधुकररावांच्या घरी चिखलदऱ्याची सहल चौथ्यांदा ठरली, तेव्हा शामलाबाईंनी चिवड्याचे पोहे भाजायला घेण्याआधी नवऱ्याकडे नीट निरखून पाहिलं. आधीच्या तिन्ही वेळचा चिवडा लकडगंजातल्या घरी, ओट्यावर बसून संपवावा लागला होता. पहिल्या वेळी गाडी मिळाली नव्हती. दुसऱ्या वेळी ऐन निघायच्या दिवशी मधुकररावांच्या पोटात दुखलं. तिसऱ्या वेळी घाटातला रस्ता खचल्याची बातमी त्यांनी आणली. ती त्यांच्याशिवाय नागपुरात दुसऱ्या कोणालाच कशी कळली नाही, हे मात्र कधी समजलं नाही.

"काहो, या डावाले नक्की ना? शेंगदाणे महाग झाले."

"नक्की म्हणजे नक्की. शेठनं सोताच्या तोंडानं सांगतलं ना!"

हीच तर अडचण होती. मधुकरराव ताराचंद शेठच्या लाकडाच्या वखारीत मुनीम होते. शेठ रविवार-सोमवार आगगाडीनं रायपूरला जाणार होते आणि अँबेसेडर रिकामी राहणार होती. "मांजी को घुमा लाओ, मधुकर. कवडू ले जाएगा," असं ते बोलले, तेही प्रत्यक्ष प्रयागबाईंच्या देखत. आता गाडी होती, ड्रायव्हर होता आणि पोट दुखलं असतं तर शेठनं डॉक्टरही पाठवला असता.

प्रयागबाई म्हणजे मधुकररावांची आई. सारा जन्म कुहीकडच्या धानाच्या बांध्यांत गेलेला. तिथे जमीन परातीसारखी सपाट, आणि त्या चढल्या असतील ती उंचात उंच वस्तू म्हणजे तणसाचा, भाताच्या पेंढ्याचा, ढीग. मागच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा शेजारच्या खाटेवर परतवाड्याची एक बाई होती. दोघींच्याही डोळ्यांवर पट्ट्या. त्या बाईनं सांगितलं की चिखलदऱ्याला श्रावणात ढग पायाखाली येतात, कड्यावर बसलं की पावलं ढगात बुडतात. पट्टी सुटली, सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला, आणि त्या चष्म्यातून प्रयागबाईंनी मुलाकडे पाहून पहिलं वाक्य उच्चारलं ते हे:

"मधुकर, मले ढगात पाय बुडवाचे हायेत गा."

मधुकरराव तेव्हा हो म्हणाले. ऑपरेशन झालेल्या आईला नाही कोण म्हणणार? पण चिखलदऱ्याचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उतरायचा. तसे ते शूर गृहस्थ होते. हमालांशी, कंत्राटदारांशी भांडायला मागे हटत नसत. फक्त माळ्यावरचा डबा काढायचा असला की शिडीवर शामलाबाई चढायच्या, आणि रामटेकच्या गडाच्या पायऱ्या ते एकदा बसत बसत उतरले होते, गुडघा दुखतो म्हणून. गुडघा चढताना दुखला नव्हता.

बुधवारी त्यांना एकाएकी पंचांग आठवलं. ज्या माणसानं आजवर कॅलेंडरात सुट्टीशिवाय काही बघितलं नव्हतं, तो चष्मा लावून पंचांगात शिरला आणि आनंदानं बाहेर आला.

"माय, रविवारी तं पश्चिमेले दिशाशूल हाय! चिखलदरा पश्चिमेलेच ना? आता कसं जावाचं? तुया भल्याचंच सांगून राहिलो."

शामलाबाईंनी कढईखालचा विस्तव कमी केला. पण प्रयागबाई हसल्या.

"मंग प्रस्थान ठेवू. उद्या गुरुवार हाय. पश्चिमेले चांगला."

मधुकररावांच्या हातातलं पंचांग हळूच मिटलं. प्रस्थानाची सोय त्यांच्या ध्यानातच आली नव्हती. जायच्या दिवशी दिशा वाईट असली, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपल्या वापरातली एखादी वस्तू गाठोड्यात बांधून त्या वाटेवरच्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघालं. मग खऱ्या दिवशी जाताना गाठोडं उचलायचं आणि पुढे चालू लागायचं. अमरावतीच्या रस्त्यावर वाडीला प्रयागबाईंची भाची इंदुताई राहत होती. अगदी सोयीचं घर.

गुरुवारी प्रयागबाईंनी लाल फडक्यात मूठभर तांदूळ, सुपारी, हळकुंड ठेवलं आणि सगळ्यात वर डोळ्यांवरचा चष्मा काढून ठेवला.

"आत्याबाई! चष्मा काहून?" शामलाबाई ओरडल्या. "लुगडं ठेवा ना एखादं!"

"लुगडी चार हायेत वं. एक वाडीले राह्यलं तं तुया नवऱ्याले काई फरक पडते का? चष्मा एकच हाय. आता तो मले वाडीपावतर तं नेईनच. तिथून पुढं मी पाहीन."

गाठोडं वाडीला गेलं, आणि त्या क्षणापासून प्रयागबाई चिखलदऱ्याला निघाल्या. त्या घरातच होत्या, पण निघालेल्या होत्या. शेजारीण चटणी मागायला आली तर "मी तं गेली बाई, सुनेले माग," म्हणाल्या. चष्म्याशिवाय त्यांना माणूस आणि खांब यांत फारसा फरक दिसत नव्हता. इस्त्रीवाल्याचे कपडे त्यांनी दूधवाल्याला दिले. खुंटीवरच्या कोटाला "मधुकर, जेवून घे," असं तीनदा सांगितलं, आणि कोट काहीच बोलेना म्हणून संध्याकाळपर्यंत मधुकररावांशी अबोला धरला. पण स्वारी भारी खुशीत होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला, म्हणजे कधी कधी खांबालाही, त्या ढगांची गोष्ट सांगत होत्या.

रविवारी उजाडायच्या आत अँबेसेडर दारात आली. चिवड्याचा डबा, फिरकीचा तांब्या, घोंगडी, आणि शामलाबाईंना गाडी लागते म्हणून लिंबांची पिशवी, असं सगळं चढलं. कवडू ड्रायव्हरनं तंबाखूचा बार भरला आणि गाडी निघाली. वाडीला इंदुताई दारातच उभी होती, पण तिच्या हातात गाठोडं नव्हतं.

"मावशी, गाठोडं तं गेलं!"

"कुठी गेलं?"

"चिखलदऱ्याले."

इंदुताईचा नवरा चंपतराव किराण्याचा ट्रक चालवत असे. शनिवारी त्याला नेमकी चिखलदऱ्याची फेरी लागली. माणूस मोठा भाविक आणि त्याहून मोठा उपकारी. वाडीपर्यंत प्रस्थान नेल्यानं प्रवास इतका शुभ होत असेल, तर थेट मुक्कामालाच पोचवल्यावर किती होईल, असा त्यानं सरळ विचार केला. गाठोडं ट्रकमध्ये आपल्या सीटशेजारी मानानं बसवून नेलं आणि तिथल्या केशवच्या हॉटेलात ठेवून आला.

मधुकररावांचा चेहरा सहलीच्या नावानं पहिल्यांदाच फुलला. "अरेरे! म्हणजे आता मायले काईच दिसणार नाई. मंग जाऊन काय उपेग? कवडू, घे गाडी मांगं."

"थांब गा," प्रयागबाई म्हणाल्या. "मायं प्रस्थान चिखलदऱ्याले जाऊन बसलं अन् मी लकडगंजात वापस जाऊ? गाठोड्याच्या मांगं माणूस जाते का माणसाच्या मांगं गाठोडं? चाल रे कवडू!"

कवडूला आजवर इतका स्पष्ट हुकूम शेठनंही दिला नव्हता. गाडी सुटली. कोंढाळीला चहा झाला, अमरावतीला चिवडा झाला, परतवाडा मागे पडला. आणि मग घाट लागला.

पहिल्याच वळणाला शामलाबाईंनी लिंबू नाकाशी धरलं आणि खिडकीत तोंड घातलं. त्यांचं बोलणं संपलं. कवडूचं लक्ष रस्त्यावर. मधुकरराव मागे, दोघींच्या बरोबर मधोमध बसले होते. ती जागा त्यांनी घरूनच पकडली होती.

"मधुकर, सांग ना गा. काय दिसून राह्यलं?"

"झाडं."

"कायची?"

"सागाची. फस्ट क्लास माल हाय."

"अन् अजून?"

"अजून साग."

 धुरकट काचेकडे तोंड करून प्रयागबाई नुसत्या बसून राहिल्या. दोन्ही हात मांडीवर, देवळात रांगेत बसल्यासारखे. आईचं ते बसणं मधुकररावांच्या काळजाला लागलं. त्यांनी तिचा हात घट्ट धरला आणि एकदम बोलायला सुरुवात केली.

"माय, धबधबा! केवढा मोठा! दुधावानी पांढरा!"

"आँ? कुठी?"

"उजवीकडे! अन् मोर! एक, दोन... लय मोर! पिसारा फुलवून नाचून राह्यले!"

"बाप्पा!"

एकदा माणूस सुटला की सुटला. वळणागणिक मधुकररावांना काही ना काही दिसू लागलं. हरणांचा कळप आला, निळ्या फुलांनी भरलेला डोंगर आला. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "माय, हलू नको. वाघ हाय. दगडाआड, वहोळाचं पाणी पिऊन राहिला."

प्रयागबाईंनी तिकडे, म्हणजे शामलाबाईंच्या पाठीकडे, तोंड करून हात जोडले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. पुढे हत्तीही निघाला. तेव्हा कवडूनं समोरच्या आरशात पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि तंबाखूमुळे पुन्हा मिटलं.

केशवच्या हॉटेलात गाठोडं बिस्किटांच्या बरण्यांच्या वरच्या फळीवर बसलं होतं. चंपतरावानं काय सांगितलं होतं कोण जाणे, केशवनं त्याला फूल वाहून उदबत्ती लावली होती. प्रयागबाईंनी गाठ सोडली, चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बाहेर पाहिलं. बाहेर काहीच नव्हतं. डोंगर नाही, दरी नाही, पाच हातांवरची गाडीसुद्धा नाही. सगळं पांढरं.

"धुकं उतरलं जी," केशव म्हणाला. "आज काई नाई दिसाचं."

शामलाबाई मटकन बाकावर बसल्या. एवढे हाल काढून आलो ते हे बघायला का, असं त्यांच्या पिवळ्या पडलेल्या तोंडावर लिहिलं होतं. पण प्रयागबाई केशवचा हात धरून केव्हाच कड्याच्या दिशेनं निघाल्या होत्या. कठड्याअलीकडच्या दगडावर त्या बसल्या, चपला काढल्या आणि पाय पुढे सोडले. खालून एक ढग सावकाश वर आला. आधी बोटं गेली, मग घोटे, मग लुगड्याचा काठ.

"बुडले!" त्या लहान पोरीसारख्या ओरडल्या. "मधुकर, पाय बुडले माये! ये ना गा इकडं!"

"इथूनच दिसून राह्यलं माय," मधुकरराव हॉटेलाच्या खांबाला धरून म्हणाले. त्यांना खांबाशिवाय काही दिसत नव्हतं, पण आईचं हसू ऐकू येत होतं. ते ऐकून त्यांनाही फार बरं वाटलं.

सोमवारी सकाळी लख्ख उघडलं. परतीला प्रयागबाई खिडकीशी बसल्या, चष्मा पदरानं दोनदा पुसून.

"मधुकर, वाघाची जागा आली का सांगजो. अन् तो हत्तीवाला मोड."

मधुकरराव हूं म्हणाले. पहिलं वळण आलं. एका बाजूला रस्ता एकदम संपत होता आणि खाली, फार खाली, झाडांचे शेंडे होते. प्रयागबाईंनी मुलाला दाखवायला तोंड फिरवलं. मधुकररावांचे डोळे गच्च मिटलेले होते. कपाळावर घाम, आणि एका मुठीत आईचा पदर.

त्यांनी जरा वेळ मुलाकडे पाहिलं. नव्या डोळ्यांनी त्याला इतक्या जवळून त्या प्रथमच पाहत होत्या.

"येतानी बी असाच बसला होता का गा?"

मधुकररावांनी पदर आणखी घट्ट धरला. कवडूनं मात्र काल अडलेलं वाक्य आज मोकळं केलं. "पुरा घाट, माय. मले आरशात दिसत होतं. मुनीमजीनं वाघ बी डोये मिटूनच पाह्यला."

"भेव वाटते माय," मधुकरराव पुटपुटले. "लहानपणापासून. उंचावर गेलं का पाय लटपटतात."

"अन् तरी आला?"

"तुले ढग पाह्यचे होते ना."

प्रयागबाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्यांनी पदर सोडवून घेतला नाही. उलट मुलाचं डोकं ओढून आपल्या खांद्यावर टेकवलं.

"मीट डोये. आता मी सांगीन अन् तू आयक. हे पाह्य, साग हाय. फस्ट क्लास माल."

मिटल्या डोळ्यांनी मधुकरराव हसले. शामलाबाईही लिंबाआडून हसल्या. प्रयागबाई सांगत गेल्या. खरंच एक धबधबा आला, बारकासा. खरंच एक मोर आला, पिसारा मिटलेला. मग एका वळणाला गाडी हळू झाली आणि थांबली.

"मधुकर," प्रयागबाई अगदी हळू म्हणाल्या, "वाघ हाय. वहोळाचं पाणी पिऊन राहिला."

"हौ का?" मधुकरराव खुसखुसले. आईनं कालच्याचा बरोबर वचपा काढला होता. "हत्ती बी असन मंग बाजूले."

कोणी हसलं नाही. कवडूचं तंबाखू चघळणंही थांबलं होतं. शामलाबाईंच्या हातातलं लिंबू खाली पडून गडगडत गेल्याचा आवाज आला.

"मुनीमजी," कवडू कुजबुजला, "काच वर घ्या."

मधुकररावांनी डोळे उघडले तेव्हा दगडाआडचं गवत नुसतं हलत होतं.

त्या आठवड्यात वखारीत दुसरं काही बोलणंच नव्हतं. मधुकरराव सागाच्या ओंडक्यावर बसून, म्हणजे सगळ्यात खालच्या ओंडक्यावर बसून, वाघाचं वर्णन करायचे. पट्टे, मिशा, पाण्यात हलणारी जीभ, सगळं. हमाल काम सोडून ऐकायचे. एके दिवशी प्रयागबाई डबा घेऊन आल्या, तेव्हा ताराचंद शेठनंच विचारलं, "मांजी, मधुकर सच बोल रहा है? शेर देखा इसने?"

कवडू जोरात खोकला. प्रयागबाईंनी चष्मा नाकावर नीट बसवला.

"म्हणजे काय शेठ! मी तं एकच डाव पाह्यला," त्या म्हणाल्या. "यानं जातानी बी पाह्यला अन् येतानी बी."