कॅरॅव्हॅनमधलं हळदीकुंकू

कुकरची शिट्टी झाली.

जानेवारीतली शनिवारची सकाळ. इंग्लंडातल्या रीडिंगबाहेरचं ते कुरण अजून धुक्यात गुरफटून निवांत पडलं होतं. शिट्टीसरशी कुंपणापलीकडच्या मेंढ्यांनी एकदम माना वर केल्या, आणि कॅरॅव्हॅनच्या खिडकीत गिरीशचं डोकं उगवलं.

"अगं, बंद कर ते! वीकेंडला आलेली माणसं कुकर घेऊन येतात का?"

"मग बटाटे कशात उकडू? तुझ्या वेलिंग्टन बुटांत?" रश्मी म्हणाली. पण गॅस मात्र तिने बारीक केला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं. आज त्यांना वीकेंडला आलेल्या माणसांसारखं दिसायचं होतं. खरं तर ती दोघं आणि त्यांची सहा वर्षांची मुलगी सई ऑक्टोबरपासून इथेच राहत होती.

त्यांचं जे झालं होतं, ते तेव्हा अर्ध्या गावाचं होत होतं. आधी व्याजाचे दर चढले, मग घरांच्या किमती पडल्या, मग गिरीशच्या कंपनीने त्याला रिडंडंट ठरवून कामावरून काढलं. एके दिवशी घराच्या किल्ल्या पाकिटात घालून घरासाठी कर्ज दिलेल्या बिल्डिंग सोसायटीच्या काउंटरवर सरकवून ती दोघं बाहेर आली, आणि उरल्यासुरल्या पैशांत गाडीमागे ओढायची ही वापरलेली कॅरॅव्हॅन घेतली. कुरणाच्या मालकाने, मिस्टर पोकॉकनी, एक कोपरा दिला. फार प्रश्न विचारले नाहीत. "मेंढ्यांना तुमची हरकत नसेल तर माझी नाही," एवढंच म्हणाले.

ओळखीच्यांत मात्र यातलं कोणाला काही माहीत नव्हतं. "घरात बिल्डर आलेत, डागडुजी चाललीय," असं रश्मीने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. कोणी काही बोललं असतं तर तिने ऐकून घेतलं असतं. तिला भीती होती ती कोणी काहीच न बोलण्याची. ती खोलीत शिरली की गप्पा हळू होतील, जाताना कोणी तरी उरलेल्या भाजीचा डबा हातात कोंबेल, आणि मैत्रिणींतली रश्मी होती ती 'बिचारी रश्मी' होऊन जाईल. ते नको होतं.

पण संक्रांत काही थांबत नाही. दरवर्षी जानेवारीअखेरचं हळदीकुंकू रश्मीकडे असायचं. लंडनमध्ये ईलिंगच्या दुकानात तिळगुळासाठी गूळ घेताना मीनलने तिला गाठलं. मीनल म्हणजे चार बेडरूमचं घर, दोन गाड्या आणि कशालाही नाही न म्हणू देणारा आवाज.

"यंदा कधी आहे तुझ्याकडे?"

"यंदा नाही गं जमत. बिल्डर आहेत ना घरात. वीकेंडला आम्ही तर कॅरॅव्हॅनमध्येच जाऊन राहतो." रश्मी हे बोलली आणि तिथेच चुकली.

"कॅरॅव्हॅन घेतलीत? मग तिथेच कर की! किती फन! मी सांगते सगळ्यांना."

"अगं, लहान आहे ती—"

"बसू गं मांडीला मांडी लावून. काही ऐकायची नाही मी."

आणि तिने खरंच सगळ्यांना सांगितलं.

म्हणून आज सकाळपासून दोघं संसार लपवत होती. इस्त्री, मिक्सर, सईचे शाळेचे करडे स्कर्ट, गिरीशचे इंटरव्ह्यूचे सूट, हिवाळी रजया, लग्नातल्या साड्या, सगळं डोक्यावरच्या कपाटांत दाबून बसवलं. कपाटाचं दार लागेना तेव्हा गिरीशने खांदा लावला. मागच्या बाजूला खिडकीलगत तीन बाजूंनी बसायचे बाक होते. तिथे रश्मीने चादर घातली आणि पुढ्यात हळदीकुंकवाचं तबक मांडलं.

"आता कसं, चार दिवसांच्या सुट्टीला आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली.

गिरीश बाहेर गेला आणि तसाच परत आला. "घोळ आहे. चाकांभोवती केवढं गवत वाढलंय बघ. कोणीही सांगेल की ही महिनोन्‌महिने इथून हललेली नाही."

मग त्याने कॅरॅव्हॅनच्या चारी कोपऱ्यांचे टेकू फिरवून वर घेतले, ती गाडीला जोडली आणि पुढे ओढली. सई टाळ्या वाजवत होती. कॅरॅव्हॅन पुढे सरकली आणि तिच्या जागी गवतावर उमटलेला भलामोठा पिवळा आयत उघडा पडला. चार महिने ऊन न लागलेलं ते गवत सगळ्या हिरव्या कुरणात लख्ख दिसत होतं.

"हे तर आधीपेक्षा वाईट झालं," रश्मी म्हणाली.

"थांब. त्यावर गाडी लावतो."

त्याने गाडी सोडवून घेतली आणि पिवळ्यावर नेऊन उभी केली. तरी दोन्ही बाजूंनी पिवळं दिसत राहिलं. तेव्हा सईची सायकल आडवी टाकून झाली, घडीच्या खुर्च्या मांडून झाल्या, आणि टेकू पुन्हा खाली सोडायला तो वळतोय तोच फाटकातून मीनलची गाडी आत आली. तिच्यामागे आणखी दोन. टेकू राहिले ते राहिलेच.

"काय क्यूट आहे गं!" शिल्पा उतरतानाच ओरडली. ती मैत्रिणींत सगळ्यात धाकटी. नवं लग्न झालेली, आणि हसायला तिला कारण लागायचं नाही. "अगदी बाहुलीचं घर!"

मीनल थेट कॅरॅव्हॅनच्या मागच्या बाजूला गेली. ती चाकं बघत होती. मग गॅसची नळकांडी बघितली, पाण्याचा पिंप बघितला. रश्मी घाईने पिंपाच्या आड येऊन उभी राहिली.

सगळ्यांत शेवटी ईलिंगच्या कुसुमकाकू उतरल्या. साठीतल्या, उंच, जाडजूड, नऊवारीवर ओव्हरकोट. तीस वर्षांपूर्वी त्या या देशात आल्या तेव्हा सगळ्या रस्त्यावर दुसरं मराठी घर नव्हतं, असं त्या सांगायच्या आणि सगळे ऐकायचे.

"चला गं, आत चला. थंडी काय म्हणतेय!"

बायका आत शिरल्या आणि थेट मागच्या बाकांवर जाऊन बसल्या, कारण तबक तिथे होतं. डावीकडे चार, उजवीकडे चार. मधली खिडकीखालची मानाची जागा काकूंसाठी ठेवली होती. काकूंनी ओव्हरकोट काढला, पदर सावरला आणि त्या बसल्या.

कुठे तरी खालून 'करर्र' असं झालं.

"काय गं हे?" मीनलने विचारलं.

तेवढ्यात समोरचं दार हळूहळू वर जायला लागलं. पाठोपाठ शेगडी वर गेली, सिंक वर गेलं, सिंकपाशी बटाटेवड्यांची ताटली धरून उभी असलेली रश्मी वर गेली. कॅरॅव्हॅनने मागचा भाग जमिनीला टेकला आणि नाक आभाळाकडे करून ती स्वस्थ बसली.

बाहेर गिरीशने पुढच्या दांड्याला मिठी मारली होती. दांड्याबरोबर तोही वर गेला.

"मी धरलंय! घाबरू नका, मी धरलंय!"

"आई, बाबा उडते!" सई तिच्या मोडक्या मराठीत आनंदाने ओरडली.

आणि मग डोक्यावरची कपाटं उघडली.

आधी रजया आल्या. त्या शिल्पाच्या अंगावर पडल्या आणि रजईखालून तिचं हसणं ऐकू येत राहिलं. मग सूट आले, शाळेचे स्कर्ट आले, मिक्सरचं भांडं आलं. इस्त्री सुदैवाने साड्यांवर पडली. कुकर पाठीवर घसरत आला आणि मीनलच्या पायाशी थांबला. सगळ्यांत शेवटी एक स्टीलचा डबा आला, उघडला, आणि त्यातून रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी घरंगळत कुसुमकाकूंच्या ओटीत जाऊन पडलं.

काकूंनी कापड बाजूला केलं. आत रश्मीला लग्नात आईने दिलेली अन्नपूर्णा होती, आणि रांगता बाळकृष्ण.

कोणी बोललं नाही. शिल्पाचंही हसणं थांबलं. फक्त वरून गिरीशचा आवाज येत होता, "ऑल राइट ना आत सगळं?"

"रश्मी," काकू म्हणाल्या, "सुट्टीला जाताना देव कोणी बरोबर घेत नाही गं."

रश्मीने ताटली घट्ट धरून ठेवली. वडे केव्हाच खाली गेले होते. इतके महिने ज्याला ती भीत होती ते आता तिच्यासमोर, नऊ चेहऱ्यांवर, एकाच वेळी बसलं होतं.

"नाही काकू," ती म्हणाली. "आम्ही इथेच राहतो."

तेवढ्यात खिडकीबाहेर मिस्टर पोकॉकची टोपी दिसली. त्यांनी आधी गिरीशकडे पाहिलं, मग आत पाहिलं, आणि अत्यंत शांतपणे म्हणाले, "गुड मॉर्निंग, लेडीज. एकदम उठू नका. एकेक जण बाहेर या. दारापाशी मी आहे."

"एकेक म्हणे. चल गं शिल्पा, तू आधी," मीनल म्हणाली.

"थांबा!" काकूंचा हात वर झाला. "हळदीकुंकू न घेता एकीनेही उंबरा ओलांडायचा नाही. कॅरॅव्हॅन उलटी होवो नाही तर सुलटी. रश्मी, तबक घे आणि दारापाशी जाऊन बस."

"काकू, चढ आहे हो केवढा!"

"मग रांगत जा. हा नाही का रांगत?" आणि त्यांनी बाळकृष्ण तिच्या हातात दिला.

शिल्पाने बाकाखाली चाचपून करंडे शोधून काढले. हळद निम्मी सांडली होती, कुंकू वाचलं होतं. एका हातात तबक आणि दुसऱ्या हातात देव धरून रश्मी आपल्याच घराचा चढ चढली आणि दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसली. मग एकेक बाई रांगत वर आली. तिने पुढे केलेल्या कपाळावर रश्मीने हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला, वाण म्हणून आणलेली चहाची गाळणी दिली. बाईने "गोड बोल" म्हटलं, आणि मिस्टर पोकॉकनी तिला बखोटीला धरून अलगद खाली उतरवलं. पहिलीने उतरताना त्यांच्याही हातावर तिळगूळ ठेवला. त्यांनी तो तोंडात टाकला आणि पुढच्या बाईसाठी हात पुढे केला.

काकू निघाल्या तेव्हा कॅरॅव्हॅनने सुस्कारा सोडल्यासारखा आवाज केला. त्यांनी रश्मीच्या कपाळाला उलट बोट लावलं, गालावरून हात फिरवला, आणि "मी आले तेव्हा एका खोलीत सहा जणं होतो, तीसुद्धा दुसऱ्याची," एवढंच म्हणून त्या खाली उतरल्या. त्याबरोबर कॅरॅव्हॅनचं नाक धाडकन खाली आलं. गिरीश चिखलात बसला. बाहेर आठ बायका खदखदा हसल्या, आणि त्या हसण्यात कीव शोधूनसुद्धा सापडेना.

आत फक्त मीनल राहिली होती. तिने सईचा एक स्कर्ट उचलला आणि झटकून घडी घातली. मग दुसरा घेतला.

"कधीपासून?"

"ऑक्टोबर."

"थंडी वाजते?"

"पहाटे वाजते. आम्ही तिघं एका रजईत झोपतो."

"पाणी?"

"नळ आहे गोठ्यापाशी. भरून आणतो."

"आणि कपडे धुवायला? लॉन्ड्रेटला?"

रश्मीला आता राग यायला लागला. ही चौकशी कुठे कुठे पोचणार, संध्याकाळपर्यंत किती फोन होणार, ते तिला दिसत होतं. "हो, लॉन्ड्रेटला. अजून काही विचारायचंय तुला?"

मीनलने घडी केलेले स्कर्ट बाकावर ठेवले. त्यांच्यावरून हात फिरवला. तिचा तो नाही न म्हणू देणारा आवाज आता कुठेच नव्हता.

"ती पलीकडची जागा," तिने खिडकीबाहेर बोट दाखवलं, "कुंपणापर्यंतची. ती रिकामी आहे का?"

रश्मीला आधी कळलंच नाही.

"आमच्या राजीवला जूनमध्येच नोकरीवरून काढलं. अजून रोज सकाळी टाय लावून निघतो आणि लायब्ररीत जाऊन बसतो. कोणाला सांगितलं नाहीये. मार्चमध्ये घर सोडायचंय." मीनल एका दमात बोलली. "म्हणून तर तुझ्या मागे लागले इथेच कर म्हणून. मला आतून बघायची होती गं. माणसं राहू शकतात का हिच्यात, ते."

रश्मीने तिच्याकडे बघितलं. मग दोघींच्या मध्ये पडलेल्या कुकरकडे बघितलं, आणि तिला हसू फुटलं. मीनललाही फुटलं. हसता हसता मीनलने डोळ्यांना पदर लावला तेव्हा रश्मीने तिच्या खांद्यावर हात टाकला.

"ये तू. पण गवत पिवळं पडतं हं."

"पडू दे." मीनलने नाक पुसलं. "तसंही ते जिने चढून चढून माझे गुडघे गेलेत." तिला तेहतिसावं चालू होतं.

"आधी कुंकू तर लावून घे. तुझंच राहिलंय."

मीनल उतरून बायकांत गेली. बाहेर गिरीश चिखलाच्या पँटनेच टेकू फिरवत होता आणि कुसुमकाकू त्याला कोणत्या बाजूला फिरवायचं ते सांगत होत्या. रश्मी पायरीवर टेकली, तशी दाराआडून सगळं ऐकत उभी असलेली सई येऊन तिच्या मांडीत बसली. बराच वेळ ती बोटाने कुंकवाचा ठिपका आपल्या तळहातावर पसरत होती.

"आई, मीनलमावशी इथे राहायला आली, तर तिचा जिनावर कोण बसणार?"

"दुसरं कोणीतरी येईल राहायला. ते बसतील."

सईने विचार केला. त्यांच्या जुन्या घराच्या जिन्यात, खालून तिसऱ्या पायरीवर, ती रोज शाळेतून आली की बूट काढायला बसायची.

"आणि आपला जिना?" तिने विचारलं. "आपला जिनावर आता कोण बसते?"