मानवजातीच्या अस्तित्वाबाबत तहकूब ग्रामसभा

मानवजात नष्ट व्हायचीच असेल तर ती नियमाने व्हावी, एवढीच कोणत्याही सुज्ञ प्रशासनाची अपेक्षा असते. माणसे काय, येतात आणि जातात. कागद जागेवर राहिला पाहिजे.

परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याकडच्या एका गावाचे ग्रामसेवक बन्सीधरराव यांना हे कोणी शिकवावे लागले नाही. (गावाचे नाव सांगत नाही. सांगितले तर शेजारची गावे विचारतील, आमच्यात काय कमी होते?) मध्यंतरी सरकारने त्यांच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी असे भारदस्त नाव दिले. गाव अजून भाऊसाहेबच म्हणते आणि कामही जुनेच आहे.

सोमवारी वरून पत्र आले. 'कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मानवजातीच्या अस्तित्वास असलेल्या धोक्याबाबत ग्रामसभेत चर्चा करून अहवाल सादर करणे.' अहवाल गेल्या शुक्रवारपर्यंत हवा होता. सोबत तक्ता होता: बाधित व्यक्ती, बाधित जनावरे, गोठ्यात फवारणी केली किंवा कसे. (तक्ता गुरांच्या साथीच्या वेळचा होता. चांगला तक्ता टाकून देणे ही उधळपट्टी होय.)

बन्सीधररावांनी ग्रामसभा बोलावली. शंभर माणसे लागतात, सहा आली. त्यातली चार सावलीसाठी, एक चुकून, आणि सहावी शिवकन्या. ती शेळ्या राखते, आणि तिची मुलगी गावच्या शाळेत दुसरीत आहे. सभा कशाची आहे याच्याशी तिला कर्तव्य नव्हते.

"भाऊसाहेब, शाळंच्या वाटंवरली लाइटीची तार लय खाली आलीय," ती म्हणाली. "पोरगी रोज हात वर करून बघायलीय, किती राहिलंय म्हणून. आता वीतभर राहिलंय."

"ऐनवेळच्या विषयात घेऊ, बाई."

"मागल्या तीन सभंला बी तेच म्हणलात. ऐनवेळ येती तरी कवा?"

प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्याने त्याचे उत्तर दिले गेले नाही. बन्सीधररावांनी तारेचा विषय वहीत टिपून मात्र घेतला. माणूस वाईट नव्हता. मग गणसंख्येअभावी सभा तहकूब झाली.

इथे आपल्या कायद्याचे कौतुक केल्याशिवाय राहवत नाही. पहिल्या सभेला शंभर माणसे लागतात, पण तीच सभा तहकूब करून पुन्हा भरवली की एकही लागत नाही. मानवजातीचा विषय मानवांवाचून मार्गी लावण्याची सोय आपण यंत्रांच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. जगातले मोठमोठे शास्त्रज्ञ उगाच घाबरतात. त्यांनी एकदा तहकूब सभा पाहायला हवी.

तरीही हजेरी भरगच्च दिसावी म्हणून शिपाई बालाजी वही घेऊन घरोघर फिरला.

"कशाची सही हाय रे?" लोकांनी विचारले.

"मानवजातीची."

"आपलं नाव हाय का यादीत?"

"सगळ्याचंच हाय."

योजना सर्वांना लागू आहे म्हटल्यावर कोणी मागे राहिले नाही. एकूण सह्या दोनशे चौदा. पैकी पुण्यात राहणाऱ्यांच्या एकोणीस, वारल्यानंतर केलेली एक, आणि मजकूर वाचून केलेली एकही नाही. शिवकन्येने अंगठा देताना विचारले, "तारंचंच हाय न्हवं?" बालाजी म्हणाला, "समदं त्यातच येतंय."

इतिवृत्त लिहायला बन्सीधररावांना वेळ नव्हता. त्यांनी वहीतल्या पानाचा फोटो काढून मोबाईलमधल्या कृत्रिम बुद्धिमत्तेला दिला आणि 'धोका नाही असा ठराव लिही' म्हणून सांगितले. (आरोपीकडूनच पंचनामा लिहून घेतला की चुका होत नाहीत.) चहा निवायच्या आत दोन पाने तयार झाली. भाषा अशी की सभा झाली नव्हती यावर खुद्द बन्सीधररावांचाही विश्वास बसेना. मात्र खाली यंत्राने आगाऊपणे एक ओळ जोडली होती: 'आपल्या टिपणात शाळेच्या वाटेवर लोंबणाऱ्या तारेची नोंद आहे. मुलांच्या जिवाला तातडीचा धोका दिसतो. हा विषय आधी घ्यावा का?'

बन्सीधररावांचा अंगठा थांबला. त्यांची स्वतःची मुलगी परभणीला शाळेत जाते. त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. मग त्यांना आठवले की तारेबद्दल लिहायचे म्हणजे वीजवाल्यांना पत्र, त्यांचे उलट पत्र, खांब गावठाणात की शेतात याचा दाखला, त्याचा नकाशा, आणि शेवटी तुम्हीच एवढे दिवस काय करत होता अशी विचारणा. त्यांनी टाइप केले: 'विषयाला धरून लिही.' यंत्राने ती ओळ मुकाट्याने काढून टाकली. इतक्या लवकर ते कर्मचाऱ्यांत मिसळेल असे वाटले नव्हते.

बाधित व्यक्ती: निरंक. बाधित जनावरे: निरंक. फवारणी: करण्यात आली.

अहवाल वर गेला, वरून आणखी वर गेला. अचूक अहवालाबद्दल गावाला प्रशस्तिपत्र आले. मानवजात आहे तशी आहे.

तार आणखी चार बोटे खाली आली आहे. शिवकन्या रोज सकाळी शेळ्या बांधावर सोडून तिच्याखाली उभी राहते आणि शेवटचे पोर पलीकडे जाईपर्यंत "वाकून जा, वाकून" म्हणत असते. पोरे आता सांगायच्या आधीच वाकतात. शिक्षकांनी त्यांच्या शिस्तीचे कौतुक केले आहे.

मला या सगळ्याचा संताप येतो. तुम्हालाही आला असेल. तुम्ही सुशिक्षित आहात. पण तुमच्याही वॉर्डाचा अहवाल निरंक गेला आहे. खात्री नसेल तर हजेरीची वही मागवून पाहा. त्या दिवशी दारात कोणीतरी वही पुढे केली होती, तुम्ही मोबाईलवरून मान वर न काढता "कुठे करू?" एवढेच विचारले होते. सही तुमचीच आहे.