नाना खर्डेकर आभार मानतात

नाना खर्डेकर माईककडे निघाले की सगळं मैदान चपला शोधू लागे.

कार्यक्रम कोणाचाही असो, आभार नाना मानत. ते मूळ कार्यक्रमापेक्षा किंचितच आखूड असत. नानांचा जन्म केडगावच्या जकात नाक्यावर कारकुनी करण्यात गेला होता. पुढ्यातून जाणाऱ्याला अडवल्याशिवाय सोडायचं नाही, ही सवय निवृत्तीनंतर कुठे जाणार?

बाहत्तर सालच्या आसपास आम्ही काही मंडळींनी नगरात ग्रीष्म महोत्सव सुरू केला. एरवी लोक असले उत्सव वसंतात करतात. पण आमचे अध्यक्ष वकील होते आणि कोर्टाला सुट्टी मे महिन्यात, म्हणून ग्रीष्म. शनिवार-रविवारी भल्या पहाटे चांदबिबीच्या महालापर्यंत चढायचं, सकाळी झाडाखाली मुलांची चित्रं, संध्याकाळी शाळेच्या मैदानावर गाणं नाहीतर एकांकिका. पोहण्याच्या शर्यतीही होत्या. त्या साली विहिरीला पाणी नव्हतं, पण पाहुणे आधीच ठरले असल्यामुळे उद्घाटन झालं. पाहुण्यांनी कोरड्या विहिरीच्या काठावर उभं राहून पोहण्याने छाती कशी भरते ते सांगितलं. मग नानांनी विहिरीच्या मालकाचे, ती खणणाऱ्या त्याच्या आजोबांचे आणि 'काही अडचणीमुळे आज येऊ न शकलेल्या' पाण्याचेही आभार मानले. हे ते गंभीरपणे म्हणाले. नाना विनोद करत नसत.

एकदा भावगीतांच्या कार्यक्रमात त्यांनी वीज मंडळाचे आभार मानायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. नाना अंधारात बोलत राहिले. दिवे आले तेव्हा समोर नुसत्या खुर्च्या होत्या. नानांनी खुर्च्यांकडे एकवार पाहिलं आणि खुर्च्या पुरवणाऱ्याचे आभार मानले.

या विषयात त्यांची मतं कडक होती. 'आभार न मानता मी त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो' असं व्यासपीठावरून कोणी म्हटलं की ते खालच्या खाली पुटपुटत, "हे बुडव्याचं बोलणं." आभारांचा क्रमही ठरलेला होता. आधी पाहुणे, मग अध्यक्ष, मग मांडववाले, बिछायतवाले, माईकवाले. आणि खरं मोलाचं माणूस अगदी शेवटी. पाहुण्यांना हा क्रम ठाऊक नव्हता म्हणून बरं.

महोत्सव संपत आला आणि वकीलसाहेबांनी आभारच रद्द केले. आदल्या आठवड्यातल्या शनिवारी नानांचे आभार लांबल्यामुळे औरंगाबादच्या एका वक्त्यांची शेवटची एसटी चुकली होती. ते वकीलसाहेबांकडे दोन दिवस राहिले आणि दोन्ही दिवस बोलले. त्यामुळे समारोपाच्या रविवारी आभार नाहीत, राष्ट्रगीत झालं की घरी, असं साहेबांनी फर्मावलं.

मी महोत्सवाचा चिटणीस. शुक्रवारी सकाळी नाना माझ्याकडे आले. चहा पुढे केला, त्याला हात लावला नाही. मला वाटलं, मानापमानाचं प्रकरण असणार. पण नाना भलतंच सांगू लागले. खर्ड्याहून ते शिकायला नगरला आले तेव्हा शाळेची फी माफ, म्हणजे नादारी, मिळाली होती, पण जेवायची सोय नव्हती. मग वार लावले. रोज एका घरी जेवायचं, सात दिवस सात घरं. मॅट्रिक होईपर्यंत असंच. त्या काळी जेवून उठताना कोणी आभार मानले असते तर पोराला उष्माघात झाला असं समजून त्याच्या डोक्यावर कांदा ठेवला असता. त्यामुळे नाना नुसतं ताट उचलून जात.

"त्या घरांतले सगळे गेले हो," नाना म्हणाले. "एक सीताकाकू राहिल्यात. त्याही मंगळवारी मुलाकडे नागपूरला चालल्या, कायमच्या. रविवारी मला दोन मिनिटं मिळवून द्या. त्यांचं नाव चारचौघांत घ्यायचंय."

काकू राहत माळीवाड्यात, नानांच्या खोलीपासून हाकेच्या अंतरावर. मी म्हटलं, मग घरी जाऊनच सांगा की.

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही अचकटविचकट बोललो होतो. "घरच्या घरी कोणी आभार मानतं का?"

मी वकीलसाहेबांना गाठलं. बरीच घासाघीस होऊन दोन मिनिटं मंजूर झाली.

रविवारी नाना भर मे महिन्यात काळा कोट घालून आले. काकूंना त्यांनी टांग्याने आणवलं आणि पाहुण्यांच्या सौभाग्यवतींसाठी राखून ठेवलेल्या कोचावर बसवलं. पाहुणे एका साखर कारखान्याचे. 'कला आणि जीवन' या विषयावर ते तासभर बोलले, त्यात ऊस बराच होता. काकूंची छान झोप झाली.

मग नाना उठले. दोन मिनिटं आणि एक नाव, इतकं सोपं काम होतं. पण जन्माची शिस्त आड आली. त्यांनी पाहुण्यांपासून सुरुवात केली. मग अध्यक्ष. मग मांडववाले. मी खालून हातवारे करत होतो, ते त्यांना दिसले नाहीत. चपलांचा खडखडाट सुरू झाला. काकूंना जाग आली. त्याही नगरच्याच, सगळे उठले, त्याही उठल्या. नाना बिछायतवाल्यांपर्यंत पोहोचले तेव्हा काकू काठी टेकत फाटकाशी पोहोचल्या होत्या.

नानांनी मान वर केली आणि कोच रिकामा दिसला. आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य अर्धं टाकून खाली उतरले आणि धावले. माईकवाल्याला आपलं नाव ऐकायचं होतं, तो बघतच राहिला. मीही मागोमाग गेलो.

काकू टांग्यात बसल्या होत्या. टांगेवाला कावला होता. "नाना, आवरा तुमी. म्हातारीला लई उशीर झाला."

नाना टांग्याचा दांडा धरून धापा टाकत उभे राहिले.

"गजा, काय रे एवढं बोलत होतास?" काकूंनी विचारलं.

नानांनी तोंड उघडलं. मिटलं. "काही नाही, काकू."

"तेव्हा भात हवा म्हणायला तोंड उघडायचा नाहीस. माझा मीच वाढायची. आणि आता बघ." त्यांनी नानांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "किती रोडावलास. कुठे जेवतोस?"

"खानावळीत."

काकूंनी लुगड्याचा सोगा आवरला आणि बाजूला सरकून जागा केली. "चढ वर. सकाळचा भात उरलाय, फोडणी देते."

नाना मुकाट्याने चढले. टांगा वळणाआड जाईपर्यंत ऐकू येत होतं ते काकूंचं बोलणं. नाना एक शब्द बोलले नाहीत.