पेरिगो भगिनींचं सतरावं प्रकरण

एक मूल सुधारायचं, तर दुसरं एखादं मूल मरावं लागतं, हे तत्त्व व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात सर्वमान्य होतं. दुसरं मूल अर्थात पुस्तकातलं. (त्याला सरकारी परवानगी लागत नसे.)

या पुण्यकार्यात नेदर विंटन गावच्या पेरिगो भगिनींचा वाटा मोठा. धाकट्या थर्झाबाई इतिहास लिहीत: किल्ले, वेढे, चिलखतांचे बंद. थोरल्या डॉर्कसबाई फक्त सतरावं प्रकरण लिहीत. सतराव्या प्रकरणात मूल मरे. बावीस पुस्तकांत एकतीस मुलं गेली: तापानं एकोणीस, बाणानं सात, उरलेली निव्वळ सद्गुणानं. सर्वांनी शत्रूला क्षमा केली आणि सर्वांचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत होता. चर्चच्या रविवारच्या शाळेत न चुकता येणाऱ्या मुलांना ही पुस्तकं बक्षीस मिळत. (काही मुलं त्यानंतर चुकू लागत.)

तेविसाव्या पुस्तकात मात्र थर्झाबाईंचा जीव अडकला. राजाच्या बाजूनं लढणारा, वेढ्यात सापडलेला किल्ला. त्यात एक पोरगा आणि त्याचा बार्ली नावाचा लांब कानांचा कुत्रा. पोरगा तटावरून शत्रूला वाकुल्या दाखवी, प्रार्थनेत जांभया देई. लिहिताना बाई एकट्याच हसत.

“ताई, याला मी मारू देणार नाही.”

“अगं, सोळा प्रकरणं झाली की! आता तो करणार काय?”

“मोठा होईल. लग्न करील. दाढी ठेवील.”

“शोभतं का हे? मुलांचं पुस्तक आहे, थर्झा! आणि मी तापाची दोन पानं लिहूनसुद्धा ठेवलीत. काय उतरलीत म्हणून सांगू! माझी मीच रडले.”

“तू तर अंडं उकडायला टाकतानाही रडतेस.”

शेवटी पोरगा जगवूनच हस्तलिखित लंडनच्या सद्वाचन मंडळाकडे गेलं. उत्तर आलं: ‘सदर मुलगा जगण्यास मंडळाची हरकत नाही. तथापि बोधासाठी कोणीतरी मरणे आवश्यक आहे. कुत्र्याचा विचार व्हावा.’

थर्झाबाईंनी काळजावर दगड ठेवून विचार केला. बार्ली गेला.

एकतीस मुलांबद्दल मंडळाकडे एकही तक्रार आली नव्हती. बार्लीबद्दल दोनशे चौदा पत्रं आली. एका कर्नलसाहेबांनी दोन दिवस अन्न टाकलं. एका बिशपांनी विचारलं, मुक्या जिवाचा अपराध काय? मंडळ हादरलं, आणि दुसऱ्या आवृत्तीत हरदासाची कथा मूळपदावर आली. बार्ली उठून शेपूट हलवू लागला. पोराला ताप चढला.

छापील प्रत आली, तशी थर्झाबाईंनी सतराव्या प्रकरणापर्यंत वाचली, मिटली, आणि त्या दिवशी चहाला खाली उतरल्या नाहीत.

“पित्त झालं असेल,” डॉर्कसबाई म्हणाल्या.

पुस्तक उदंड खपलं. बार्ली वाचला म्हणून साऱ्या इंग्लंडचा जीव भांड्यात पडला. वाचकहो, तुमचाही पडला असेल. तुम्ही माणसं मुळात दयाळू. पोराचं नाव आम्ही अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही विचारलं नाहीत.