खंडू बोक्याने शेला भरविला त्याची हकीकत

श्री सुईदोरा समर्थ. शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सर, माघ मास. ते समयी एके दौलतीत राजकन्या मैनाराजे यांचे लग्न ठरले. मातोश्री राणीसाहेब नुकत्याच परमुलखी जाऊन तेथील उंची पेहराव पाहून आल्या होत्या, आणि आल्यापासून त्यांस घरची प्रत्येक वेलबुट्टी गावंढळ दिसू लागली. मग त्यांनी सगुणाबाई नक्षीनवीस यांस पाचारण करून आज्ञा केली, "लग्नाचा शेला असा भरा की कोणी पाहिला नसावा. न साधल्यास नक्षीखाना परमुलखीच्या शिंप्यास देऊ." सगुणाबाई "जी आज्ञा" म्हणून निघाल्या. मग तिकडची रीत म्हणून दरबारात मर्जीफलक उभा राहिला, की ज्याची जी मर्जी ती त्याने टाचावी आणि त्यातून नक्षी सुचावी. दिवाणांनी मोरपीस टाचले, आणि सेनापतींनी घोड्याचा लगाम लटकविला, तेणेकरून फलक एकीकडे कलला, आणि आत्याबाईसाहेबांनी आपल्या हातची मुरड सर्वांनी पाहावी म्हणून करंजीच टाचली, ती मुंग्यांनी नेली. मैनाराजे यांनी आपल्या खंडू बोक्याचे केस रेशमाने बांधून टाचले. कारण सासरी मांजर चालत नसे, खंडूस येथेच सोडून जाणे होते, आणि त्या दुःखाने त्यांस अन्न गोड लागेना. राणीसाहेबांनी नाक मुरडले. "लग्नाच्या शेल्यावर बोका? अभद्र!" म्हणून केस उपटून फेकले. सगुणाबाईंस फार वाईट वाटले.

मग त्यांनी मोर, वेल आणि लगामाची कडी जुळवून चित्र काढिले, आणि रेघांवरून सुईने भोके पाडून कागदाचा खाका केला, आणि तो मऊ गादीवर पसरून जेवावयास गेल्या. खाली गादी आणि वर करकरीत कागद ऐसा योग पाहून खंडूजींस राहवेना. त्यांनी मोराच्या मानेपाशी मनसोक्त नख्या घासल्या आणि मिशा पुसून स्वारी निघून गेली. मग कारागिरांनी खाका रेशमावर ठेवून खडूची पुरचुंडी फिरविली, तो खडू नख्यांच्या भोकांतूनही उतरला. कारखान्याचा दंडक असा, की खडू पडला तेथे टाका पडावा, विचारणे नाही. मग कारागिरांनी ओरखडे अस्सल जरीने भरले, आणि तेही फार निगुतीने. सगुणाबाईंस राणीसाहेबांनी किनारीच्या रंगासाठी रोज महालात बसवून ठेविले होते, म्हणून त्यांस गंधवार्ता नव्हती.

भर दरबारी शेला उलगडला, तो मोराच्या मानेवरून तीन लांब सोनेरी ओरखडे! उसवावे तर रेशमाची चाळण होईल. "हे काय?" राणीसाहेब गरजल्या. मैनाराजे पुढे आल्या, ओरखड्यांवरून बोट फिरविले, आणि थबकल्या. खंडूचे एक नख लहानपणीच तुटलेले, म्हणून त्याचे ओरखडे चाराऐवजी तीनच उठत, ती खूण त्या अंधारातही ओळखत्या. त्यांनी भरल्या डोळ्यांनी सगुणाबाईंकडे पाहिले, आणि बाई काय ते समजल्या. खरे सांगावे तर बोका पोत्यात घालून नदीत जातो, आणि गप्प बसावे तर नक्षीखाना हातचा जातो. मग बाईंनी मान ताठ करून अर्ज केला, "आईसाहेब, परमुलखी हल्ली हेच चालते. आपण तर पाहिलेच असेल." राणीसाहेब क्षणभर गडबडल्या, आणि मग म्हणाल्या, "पाहिले म्हणजे? तिकडे दुसरे काही अंगावर घेतच नाहीत!" तेव्हा दरबारात वाहवा झाली, आणि आत्याबाईसाहेब म्हणाल्या, "ही माझ्या करंजीचीच मुरड हो!" मैनाराजे यांनी शेल्यात तोंड लपविले. लोक म्हणाले, लेक माहेर सुटते म्हणून रडते. सगुणाबाई जवळ होत्या, त्यांस आधी हसू ऐकू आले, आणि मग रडूही.

लेक शेला पांघरून सासरी गेली. तेथे मांजरास बंदी होती, शेल्यास नव्हती. इकडे शेजारच्या दौलतींतून ओरखड्यांची मागणी आली, म्हणून खंडूजींस नक्षीखान्यात दूधभातावर नेमिले. सरकारी चाकरी लागताच त्यांनी ओरखडणे सोडले आणि गादीवर निजू लागले. मग सगुणाबाईच ओरखडे काढू लागल्या. कोणी कितीही आग्रह केला तरी रेघा तीनच काढीत, चौथी कधी काढिली नाही. शेल्याची हकीकत ती ही, अधिक-उणे खंडूजी जाणे.