आधी वरचा बोल्ट!

"त्यात काय एवढं? जुनं तेल काढायचं, नवं घालायचं! तासाभराचं काम!" मास्तरांनी सकाळीच लेकीला ठणकावलं.

मास्तरांची बायको जाऊन आठ महिने झाले होते. जीप तिची. जमीनमोजणीच्या नोकरीत तीस वर्षं तिने ती डोंगरदऱ्यांतून हाकली, दुरुस्तीही स्वतःच केली. मास्तरांचं काम टॉर्च धरून उभं राहायचं. तिचे कपडे देऊन झाले, कपाट आवरून झालं, उरली ती ही जीप. तीही अंगणात नुसती उभी, म्हणून लेकीने संध्याकाळी गिऱ्हाईक बोलावलं होतं. खूप वाद झाल्यावर ठरलं, की मास्तरांनी स्वतः डिफरन्शियलचं तेल बदलून दाखवलं तर जीप राहील. नाहीतर गेली!

डिफरन्शियल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला भोपळ्याएवढा लोखंडी गोळा. मास्तर पुढच्या बाजूने जीपखाली सरकले. खालचा बोल्ट झटक्यात सुटला. काळं तेल थोडं भांड्यात, बाकीचं चष्म्यावर! वास असा, की शेजारचं मांजर शिंकत पळालं.

खालचा बोल्ट परत लावून त्यांनी गोळ्याच्या मागे हात घालून वरचा धरला. नवं तेल तिथूनच घालायचं. तो काही हलेना! पान्याला नळीचा तुकडा जोडला. हलेना! पायाने रेटा दिला, तशी नळी सटकली आणि कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आलं.

आणि तेव्हा आठवलं. "अहो, आधी वरचा उघडायचा! तो नाहीच निघाला तर रिकाम्या गोळ्यात तेल घालणार कुठून?" ती दरवर्षी सांगायची. मास्तर दरवर्षी "हो हो" म्हणायचे. आता आठवून काय उपयोग? वरातीमागून घोडं!

"बाबा, पुरे झालं. बाहेर या."

"नाही येणार!"

शेवटी लेकीने कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या मिस्त्रीला आणलं. त्याने वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "मास्तर, पुढून हात घालून उलटं फिरवताय! सकाळपासून तुम्ही हा आवळताय!"

मागच्या बाजूने दोन हिसके देऊन त्याने बोल्ट काढला. "याआधी कुणी लावला होता?"

"तिनेच. गेल्या वर्षी, आजारपणात."

"मग काय! बोटांनी सुटला असता."

तिच्या हाताने लावलेला शेवटचा बोल्ट, आणि तो आपणच आवळून टाकला. मास्तरांना रडू कोसळलं, तेही जीपखाली, जिथे धड बसताही येत नाही. लेक सरपटत आत आली आणि त्यांच्याशेजारी आडवी झाली. चष्मा पुसायला गेली, तेल आणखीच पसरलं. मग तिथूनच तिने गिऱ्हाईकाला फोन केला. "माफ करा, जीप विकायची नाहीये."

"पण मला कुठे जमलं?" मास्तर हुंदके देत म्हणाले.

"नाहीच जमलं. पुढच्या वर्षी मी उघडेन, तुम्ही टॉर्च धरा. आणि आधी वरचा बोल्ट! ऐकताय ना, बाबा?"

"हो हो," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी जीभ चावली.