समुद्राकडील खिडक्यांचे न्याय्य वाटप

निसर्गसौंदर्य मर्यादित असते आणि ते पाहणारे अमर्याद, त्यामुळे त्याचे वाटप नियमाने झाले नाही तर माणसे एकमेकांच्या उशा खेचू लागतात. किनाऱ्याच्या एकदिवसीय सहलीच्या बसमध्ये सकाळी सव्वानऊ वाजता नेमके हेच झाले. (उशी मानेची होती. मानही आतच होती.)

बसमध्ये चाळीस पर्यटक होते आणि समुद्राच्या, म्हणजे डाव्या बाजूला खिडक्या दहा. टूर मॅनेजर वयाने लहान आणि स्वभावाने गरीब. तो शिट्टी फुंकण्यापलीकडे काही करू शकेना. तेव्हा सातव्या रांगेतून एक गृहस्थ उठले. ते निवृत्त हेडक्लार्क होते. छत्तीस वर्षे एका मोठ्या कचेरीत त्यांनी खुर्च्या, पंखे, कपाटे आणि रजा यांचे वाटप केले होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत कोणीही समाधानी नव्हते, म्हणजे वाटप समान होते.

पंधरा मिनिटांत त्यांनी तक्ता तयार केला. अ, ब, क, ड असे दहा-दहा जणांचे चार गट. प्रत्येक गटाला पावणेदोन तास समुद्राची खिडकी. कलम चारनुसार पडद्यावर पूर्ण अधिकार खिडकीधारकाचा. कलम सहानुसार जागांची आपसांत अदलाबदल सक्त मना, कारण सवलत एकाला दिली की रांग लागते. खिडक्यांच्या हिशेबात नवराबायको वेगवेगळ्या रांगांत गेले. (याबाबत एकही तक्रार आली नाही.)

तक्ता टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. फक्त हेडक्लार्कबाईंनी विचारले, "अहो, आपण कुठं?"

"ड गटात. तू शेवटच्या रांगेत."

"शेवटी का?"

"मी तक्ता केलाय ना. उद्या लोक म्हणायला नकोत, बायकोला पुढं बसवलं."

बाई पिशवी उचलून मागे निघाल्या. त्यांना एकतीस वर्षांची सवय होती. लग्नाच्या वर्षी त्यांनी समुद्र बघायचा म्हटले होते, तेव्हा धाकट्या नणंदेचे लग्न निघाले. मग बढती निघाली, मग घराचे छत गळू लागले, मग तपासणी आली. प्रत्येक वेळी हेडक्लार्क म्हणत, "समुद्र कुठं पळून चाललाय?" आणि ते खरेच होते. अखेर महिन्यापूर्वी बाईंच्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटल्यावर त्या म्हणाल्या, "या डोळ्यानं आत्तापर्यंत कपडे वाळत घालायची दोरी, गॅस आणि तुम्ही, एवढंच पाहिलं. आता काहीतरी मोठं दाखवा." हेडक्लार्कांनी त्याच दिवशी सहलीची नोंदणी केली. या वेळी दाखवायचाच, असे त्यांनी मनाशी ठरवले होते, फक्त रीतसर.

योजना उत्तम चालली. अ गट खिडकीत बसला, ऊन आले, अ गटाने कलम चारनुसार पडदे ओढले आणि झोपला. ब गटाने बसल्या बसल्याच ओढले. दर बदलाला, उशा, बाटल्या, औषधांच्या पिशव्या आणि विसरलेला एक दातांचा डबा धरून, सरासरी एकोणीस मिनिटे लागली. त्या वेळात सर्वजण उभे असल्याने खिडक्या पूर्णपणे मोकळ्या असत, पण त्यांतून बघण्याचा अधिकार तेव्हा कोणाचाच नसे.

वाटेत सात पॉइंट होते. प्रत्येकी बारा मिनिटे: उतरणे चार, स्वच्छतागृह तीन, चढणे पाच, समुद्र उरलेल्या वेळात. बाईंचे गुडघे दुखत. शेवटच्या रांगेतून दारापर्यंत त्या पोचत, तोवर शिट्टी होई. "काकू, आता खाली नका उतरू, पुढचा पॉइंट याहून छान आहे," टूर मॅनेजर म्हणे. सातव्या पॉइंटलाही तो हेच म्हणाला.

पावणेचारला ड गटाची पाळी आली. हेडक्लार्क उपांत्य रांगेत बसले, बाई त्यांच्या मागे. बाईंनी पदार्थ झाकण काढून बघावा तसा पडदा हळूच सरकवला. हेडक्लार्कांनी डोळे मिटून घेतले. एकतीस वर्षांचे काम फाइलबंद होत होते.

"अहो."

"बोल."

"हाच का समुद्र?"

हेडक्लार्कांनी डोळे उघडले. काचेपासून दोन हातांवर काळा कातळ होता, दगड पडू नयेत म्हणून त्यावर जाळी होती आणि जाळीत एक प्लास्टिकची पिशवी अडकली होती. बस परत फिरली होती. हेडक्लार्कांना कचेरीतले सर्व नियम पाठ होते. परतीच्या वाटेवर समुद्र उजवीकडे जातो, हा नियम त्यांच्या टेबलावरून कधी गेलाच नव्हता.

उजवीकडच्या खिडक्यांत पाळीप्रमाणे पुन्हा अ गट होता. पुन्हा झोपलेला. हेडक्लार्क उठले आणि त्यांनी तिथल्या एका दातांच्या डॉक्टरांचा खांदा हलवला.

"डॉक्टर, पाच मिनिटं जागा द्याल? आमच्या हिला..."

"कलम सहा," डॉक्टर डोळे न उघडता म्हणाले. "आणि छान लिहिलंय हो. आमच्या सोसायटीसाठी एक प्रत द्या."

हेडक्लार्क मागे आले. बाई अजून कातळाकडेच बघत होत्या. "जाळी मजबूत दिसते," त्या म्हणाल्या. त्या भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

छत्तीस वर्षांत जे केले नाही ते करायला हेडक्लार्क निघाले. दांड्या पकडत पकडत ते ड्रायव्हरपाशी गेले. (ड्रायव्हर सकाळपासून अखंड समुद्र बघत होता. तक्त्यात त्याची नोंदच नव्हती.)

"वाहनात काही तांत्रिक बिघाड?"

"नाही हो, नवी गाडी आहे."

"नीट बघा. असेल."

ड्रायव्हरने वरच्या आरशात बघितले. शेवटच्या रांगेत एक बाई दगडाकडे तोंड करून बसली होती.

"मागून आवाज येतोय खरा," तो म्हणाला आणि त्याने गाडी कडेला घेतली.

तिथे पाटी नव्हती, कठडा नव्हता, स्वच्छतागृह नव्हते. रस्ता ओलांडला की वाळू आणि मग थेट पाणी. "हा कुठला पॉइंट?" चाळीस तोंडांनी विचारले. टूर मॅनेजरचे भविष्य उज्ज्वल असल्याचे तेव्हाच दिसून आले. "आठवा," तो म्हणाला. "सरप्राइज पॉइंट!"

चार मिनिटांत सगळे खाली होते आणि सगळ्यांनी समुद्राकडे पाठ केली. तक्ता ज्याचा, फोटोचे कामही त्याचेच, या न्यायाने सगळे फोन हेडक्लार्कांच्या हाती आले. "हसा," ते म्हणत होते. "पुढचे."

बाई सर्वांत शेवटी उतरल्या. त्यांनी चपला हातात घेतल्या, फोटोच्या रांगेला वळसा घातला आणि सरळ पाण्यात घोट्यापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या.

"काकू, फोटोत येताय! जरा बाजूला!"

काकूंना ऐकू गेले नाही. शिट्टी झाली, तीही गेली नाही. दुसरी झाली. हेडक्लार्कांनी टूर मॅनेजरच्या हातातून शिट्टी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. कोणत्या कलमानुसार, हे त्यांनी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सहलीच्या ग्रुपवर तीनशे बारा फोटो आले. त्यांपैकी दोनशे सत्तर फोटोंत, हसऱ्या चेहऱ्यांच्या मागे, चपला हातात धरलेली तीच पाठमोरी बाई होती. नाराजी पसरली. मग दातांच्या डॉक्टरांच्या सुनेने उपाय सांगितला: फोटोवर नको तिथे बोट घासायचे, चार सेकंदांत माणूस जातो, मागे स्वच्छ समुद्र राहतो. संध्याकाळपर्यंत सर्व फोटो निर्दोष झाले. आता त्यांत समुद्राकडे बघणारे कोणीही नाही.

तुमच्याही फोनमध्ये असा एखादा फोटो असेलच. काढा बघू. तुम्ही फार छान आला आहात. मागे कोणी पाठमोरे उभे आहे का? नसेल, तर पुसले असेल. त्या दिवशी समुद्र कसा होता, हे कधी विचारावेसे वाटले, तर फक्त त्या पाठमोऱ्या माणसालाच विचारता आले असते.